अर्धी अँटेना गाडीच्या पत्र्यात

हौशी रेडिओचा हातसंच घेऊन मोटारीत बसलं की एक अनुभव जवळपास प्रत्येकाला येतो. घराच्या गच्चीवरून जो रिपीटर (आपला सिग्नल पकडून पुन्हा जोराने पाठवणारं स्वयंचलित केंद्र) स्वच्छ ऐकू येत होता, तो गाडीची दारं लागताच खरखरायला लागतो आणि आपला आवाज तर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. संच बिघडलेला नसतो. १४५ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीची लांबी दोन मीटरच्या थोडी वर असते. तिच्या चहूबाजूंनी गाडीचा पत्रा, आणि बाहेर पडायला वाट काय ती काचांची. त्यातून संचावरची आखूड रबरी अँटेना मुळातच कमजोर. आता त्याच पाच वॉटच्या संचाला केबल लावा, ती केबल टपाच्या मध्यावर उभ्या केलेल्या अर्ध्या मीटरच्या सरळ काडीला जोडा आणि पुन्हा हाक द्या. डोंगरावरचा रिपीटर बहुतेक वेळा पहिल्याच हाकेला उघडतो, म्हणजे आपला सिग्नल पुढे पाठवू लागतो.

वॉट वाढले नाहीत, खर्चही फारसा झाला नाही. मघाशी लहरींची वाट अडवणारा पत्रा आता त्यांच्या कामाला लागला, इतकंच घडलं. गाडीवर अँटेना बसवण्याचं सगळं शास्त्र याच एका गोष्टीभोवती फिरतं. डोळ्यांना दिसते ती काडी म्हणजे अर्धी अँटेना. उरलेली अर्धी गाडीच्या पत्र्यात असते. पहिली अर्धी दुकानात विकत मिळते. दुसरी आपण बसवताना घडते किंवा बिघडते, आणि बहुतेकांची निराशा या दुसऱ्या अर्ध्यातच होते.

ज्यांना हा छंद नवा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ, परवाना घेऊनच करता येतो. आपल्याकडे त्यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते आणि उत्तीर्ण झाल्यावर साधारणपणे व्हीयू२ किंवा व्हीयू३ अशी सुरुवात असलेलं कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, मिळतं. गाडीतून बोलणारे हॅम मुख्यतः १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा दोन मीटरचा पट्टा वापरतात, त्याच्या जोडीला ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झचा पट्टा, आणि लांबच्या गप्पांसाठी शॉर्टवेव्हचे ७ व १४ मेगाहर्ट्झचे पट्टे. परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो, त्यामुळे गाडीतून प्रक्षेपण करण्याची परवानगी आणि कॉल साइन कसं सांगायचं याचे नियम अर्जाच्या वेळीच नीट पाहून घ्यावेत.

हे सगळं गाडीत कशासाठी, असं कुणी विचारलं तर उत्तर आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. २६ जानेवारी २००१ रोजी भूजचा भूकंप झाला तेव्हा टेलिफोन कोलमडले आणि हॅम मंडळींनी आपले संच नेऊन निरोप पोचवले. डिसेंबर २००४च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओवरून मुख्य भूमीशी धागा जोडून ठेवला. अशा वेळी इमारत उभी असेल, वीज असेल, असं धरून चालता येत नाही. गाडीत मात्र बॅटरी असते, ती भरणारा अल्टरनेटर असतो, आणि जिथे सिग्नल मिळत नाही तिथून शंभर मीटर पुढे चढावर जाण्याची सोय असते.

कल्पना जुनीच आहे. १९०१ साली मार्कोनीने इंग्लंडमध्ये थॉर्निक्रॉफ्ट कंपनीच्या वाफेवर चालणाऱ्या गाडीवर बिनतारी यंत्रणा बसवली होती. तिच्या टपावर धातूचा उंच, पोकळ, नळकांड्याच्या आकाराचा स्तंभ होता. प्रवासात तो आडवा करून ठेवायचा आणि संदेश पाठवताना उभा करायचा. उंची हवी आणि रस्ता ती देत नाही, हा पेच तेव्हाही होता. आजच्या हॅमला त्यातून सुटका दोन मीटरच्या पट्ट्यावर मिळते. शॉर्टवेव्हवर ती अजूनही मिळालेली नाही.

आधी सोपा भाग. ३०० या आकड्याला मेगाहर्ट्झने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १४५ मेगाहर्ट्झसाठी ती २.०७ मीटर येते आणि तिचा चौथा हिस्सा ५२ सेंटिमीटर. प्रत्यक्षातली काडी जराशी आखूड, ४९-५० सेंटिमीटरला जुळते. हिला पाव तरंगलांबीची अँटेना म्हणतात. पूर्ण अँटेना खरं तर याच्या दुप्पट, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची असायला हवी. पण काडीखाली धातूचा सपाट पृष्ठभाग असेल तर, तळ्याच्या काठावरच्या खांबाचं पाण्यात प्रतिबिंब पडावं तसं, काडीचं विद्युत प्रतिबिंब त्या पृष्ठभागात तयार होतं आणि हरवलेला अर्धा भाग भरून निघतो. काडीतून वर जाणारा प्रवाह जितका, तितकाच पत्र्यावरून केबलच्या जाळीकडे परत येतो. या परतीच्या प्रवाहाला मोकळी, अखंड, कमी रोधाची वाट मिळणं यावरच सगळं अवलंबून आहे.

त्यासाठी काडीभोवती सर्व बाजूंनी निदान पाव तरंगलांबी, म्हणजे अर्धा मीटर पत्रा असावा. आपल्या रस्त्यांवरच्या लहान हॅचबॅक गाडीचा टपसुद्धा मीटरभर रुंद असतो. दोन मीटरचा पट्टा आणि मोटारीचा टप यांचं माप असं जमून आलं आहे, आणि त्याचा फायदा न घेता अँटेना डिकीच्या कोपऱ्यात बसवणं म्हणजे हाती आलेलं सोडून देणं. या काडीचा आणखी एक गुण आहे. १४५ ची तिप्पट ४३५. त्यामुळे तीच काडी ४३५ मेगाहर्ट्झवर पाऊण तरंगलांबीची होते आणि दुसऱ्या पट्ट्यावरही संच तिला स्वीकारतो. तिथे ऊर्जेचा बराच भाग वरच्या दिशेने जातो, पण गावातल्या गावात ते चालून जातं.

टपाच्या मध्यावर असलेली काडी चारी दिशांना साधारण सारखीच ऐकू येते. काडी कडेला नेली की हा समतोल बिघडतो. ज्या बाजूला गाडीचा पत्रा जास्त, त्या बाजूला सिग्नल जास्त. म्हणजे मागच्या डाव्या कोपऱ्यात अँटेना असेल तर तिचा जोर पुढे उजवीकडे पडतो. बॉनेटच्या कडेला पकडीने बसवलेल्या अँटेनाची दुसरी अडचण अशी की गाडीचा टप तिच्या डोक्याच्या वर असतो आणि मागची दिशा झाकली जाते. शिवाय ती चालकाच्या अगदी समोर येते. नजर अडते, आणि प्रक्षेपण चालू असताना काडी माणसांच्या जवळ राहते. टपावरच्या अँटेनाखाली बसलेल्यांना पोलादी पत्र्याचा आडोसा आपोआप मिळतो.

आता नव्या गाड्यांचं काय? अनेक मॉडेल्सना टपभर काचेचं सनरूफ असतं. काचेत प्रवाह परतत नाही आणि चुंबक तर चिकटतच नाही. अशा गाडीत काचेमागच्या पत्र्याच्या पट्टीवर काम भागवावं लागतं. टपावरचे रेल दिसायला धातूचे असतात, पण त्यांचे पाय पुष्कळदा प्लॅस्टिकच्या बैठकीवर बसवलेले असतात. रेलला अँटेना आवळून बसवली तरी तिचा गाडीशी विद्युत संबंध शून्य असू शकतो. मल्टिमीटर घेऊन रेल आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधला रोध मोजला की लगेच कळतं. संबंध नसेल तर रुंद, आखूड पट्टीने तो जोडून घ्यावा. बंपर तर आता सरसकट प्लॅस्टिकचे. जुन्या इंग्रजी पुस्तकांत पुढच्या लोखंडी बुलबारवर अँटेना बसवलेली दिसते, पण तो मार्ग आपल्याकडे बंद झाला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे बार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन करतात असं सांगून राज्यांना कारवाई करायला लावली. पादचाऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच झालं.

काडी टपावर टिकवायची कशी? सगळ्यात सोपं चुंबकाचं बूड. त्यात पत्र्याशी थेट धातूचा स्पर्श होत नाही. मध्ये रंग असतो, चुंबकाखालचं रबर किंवा प्लॅस्टिकचं पातळ आवरण असतं. मग परतीचा प्रवाह जातो कुठून? चुंबकाचा तळ आणि टपाचा पत्रा या दोन धातूंमध्ये विद्युतरोधक थर आला की त्याचा कपॅसिटर बनतो, आणि उच्च वारंवारतेचा प्रवाह कपॅसिटरमधून जातो. बारा सेंटिमीटर व्यासाचा चुंबक आणि मध्ये मिलिमीटरच्या तिसऱ्या हिस्स्याएवढा थर धरला तर ही धारकता सुमारे एक नॅनोफॅरड येते. १४५ मेगाहर्ट्झला तिचा अडथळा जेमतेम एक ओहम, म्हणजे नगण्य. हाच चुंबक ७ मेगाहर्ट्झला मात्र वीस ओहमच्या पुढे अडवतो. चुंबकी बूड दोन मीटरवर उत्तम का आणि शॉर्टवेव्हवर निकामी का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

चुंबकाचा खरा शत्रू धूळ. आपल्या रस्त्यांवरची माती आणि बारीक खडी चुंबकाखाली जाऊन बसते, गाडीच्या हादऱ्यांनी ती घासते आणि टपावर गोल वण उमटतो. समुद्राकाठच्या गावात त्याच वणातून गंज सुरू होतो. म्हणून बूड उचलून दोन्ही पृष्ठभाग वरचेवर पुसावेत. आणि उचलताना काडी धरून ओढू नये, बूड धरून एका कडेने उचलावं. चुंबक आणि केबल यांचा जोड काडी ओढल्यानेच तुटतो.

कायमचं आणि सर्वांत चांगलं काम म्हणजे टपाला भोक पाडून अँटेनाचं बूड पक्कं बसवणं. एनएमओ नावाच्या बुडाला सुमारे १९ मिलिमीटरचं भोक लागतं. नव्या गाडीच्या टपाला ड्रिल लावायला मन धजत नाही, हे समजण्यासारखं आहे. वॉरंटीचाही प्रश्न येतो, तो वितरकाशी आधीच बोलून घ्यावा. पण भोकाच्या कडेला प्रायमर लावला, रबरी कडी नीट बसवली, तर आपल्या चार महिन्यांच्या पावसातही थेंब आत येत नाही, आणि काडी काढली की वर टोपी बसवता येते. हे काम छताचं अस्तर उतरवून आणि आतल्या आडव्या पट्ट्या कुठे आहेत ते पाहून करायचं. ज्या मिस्त्रीने पोलीस गाड्यांवर किंवा टॅक्सीवर असं काम केलं आहे त्याच्याकडून करून घेतलेलं बरं. केबल खाली आणताना विशेष जपावं लागतं. आजच्या गाड्यांत टपाच्या कडेने आणि खांबांमधून पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतात. केबल त्यांच्यावरून किंवा समोरून गेली तर अपघाताच्या क्षणी एअरबॅग नीट उघडणार नाही. अशा खांबातून केबल नेऊ नये, यात तडजोड नाही.

चुंबक आणि भोक यांच्या मधला पर्याय म्हणजे डिकीच्या किंवा मागच्या दाराच्या कडेला बसणारी पकड. तिचे बारीक स्क्रू रंग भेदून उघड्या धातूत रुतलेच पाहिजेत. रंग वाचवायला खाली रबर घालणारे पुष्कळ भेटतात. त्यांची अँटेना छान उभी राहते आणि काहीच काम करत नाही.

केबलबद्दल एकच सांगतो. पातळ आरजी-५८ केबल १४५ मेगाहर्ट्झला पाच मीटर लांबीत साधारण एक डेसिबल खाते, म्हणजे ऊर्जेचा पाचवा हिस्सा. गाडीत चालून जातं, पण उरलेली केबल गुंडाळून सीटखाली ठेवू नका. कापून योग्य लांबीची करा.

पाव तरंगलांबी घ्यावी की पाच-अष्टमांश, हा हॅम मंडळींचा आवडता वाद आहे. पाच-अष्टमांश तरंगलांबीची काडी दोन मीटरच्या पट्ट्यावर सुमारे सव्वा मीटर उंच होते, बुडाशी तिला छोटी कॉइल लागते, आणि सिद्धांतानुसार ती क्षितिजाच्या दिशेने सुमारे तीन डेसिबल अधिक देते. हा हिशेब खालचं धातूचं मैदान अमर्याद धरून केलेला आहे. गाडीच्या टपावर फायदा त्याहून कमी पडतो. शिवाय तिची ऊर्जा जमिनीलगत एकवटते. मराठवाड्याच्या किंवा विदर्भाच्या सपाटीवर ते चांगलं. घाटात रिपीटर डोक्यावरच्या डोंगरावर आणि आपण खाली दरीच्या वळणात असतो, तिथे साधी पाव तरंगलांबीची काडी बरोबरीने आणि कधी अधिक चांगली चालते. ती इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्येही कमी अडखळते. सह्याद्रीत हिंडणाऱ्याने तीच लावावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता अवघड भाग. ७.१ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ४२ मीटर, तिचा पाव हिस्सा साडेदहा मीटर. तीन मजली इमारतीएवढी काडी गाडीवर कशी उभी करणार? व्यवहारात अडीच मीटरच्या आसपास थांबावं लागतं. इतक्या आखूड काडीला संच ऊर्जा देऊ पाहतो, पण ती बहुतांशी परत येते, कारण आखूड काडी विद्युतदृष्ट्या एक छोटा कपॅसिटर असते. तिचा धारक अडथळा आठशे ओहमच्या वर जातो. तो रद्द करायला तितक्याच अडथळ्याची कॉइल घालतात. सुमारे वीस मायक्रोहेन्रीची कॉइल बुडाशी घातली की काडी जुळते, म्हणजे संच तिला स्वीकारतो. नवा माणूस इथे समाधानाने थांबतो, आणि नेमकं इथेच पुढे जायला हवं.

काडीतली ऊर्जा तीन ठिकाणी खर्च होते. एक भाग लहरी होऊन निघून जातो; त्याच्या ओहममधल्या मापाला किरणरोध म्हणू. २.४ मीटरच्या काडीचा ७.१ मेगाहर्ट्झला किरणरोध येतो फक्त १.३ ओहम. पूर्ण लांबीच्या पाव तरंगलांबीला तोच ३६ ओहम असतो. दुसरा भाग कॉइलच्या तारेत उष्णता होऊन जातो; चांगली कॉइल असली तरी चार ओहम धरा. तिसरा भाग गाडीचा पत्रा आणि खालची जमीन यांच्यात मुरतो. चार मीटरची गाडी ४२ मीटरच्या लहरीला पुरेसं धातूचं मैदान देऊ शकत नाही, म्हणून परतीचा प्रवाह गाडी आणि रस्ता यांच्यातल्या धारकतेतून, जमिनीच्या पृष्ठभागावरून फिरून येतो आणि वाटेत झिजतो. हा तोटा उत्तम बसवलेल्या गाडीतही दहा ओहमच्या घरात असतो. बेरीज झाली साधारण पंधरा ओहम, त्यातले कामाचे १.३. म्हणजे शंभर वॉट दिले तर आठ-नऊ वॉट हवेत गेले.

आता एसडब्ल्यूआर मीटरकडे पाहा. हा मीटर संच आणि अँटेना यांचं माप किती जुळतं ते सांगतो, आणि माप ५० ओहमचं असतं. वरच्या चांगल्या अँटेनाचे पंधरा ओहम. त्यामुळे एसडब्ल्यूआर तीनच्या वर दिसेल आणि जुळवणीसाठी बुडाशी एक छोटी कॉइल किंवा ट्रान्सफॉर्मर लावावा लागेल. समजा दुसऱ्या एकाने तीच काडी गंजलेल्या पकडीवर, रंगावरच बसवली. त्याचा जमिनीचा तोटा दहाऐवजी पंचेचाळीस ओहम झाला. बेरीज पन्नास! मीटर एकास एक दाखवेल, तो माणूस खूश होईल, आणि शंभरातले अडीच वॉटच बाहेर जातील. शॉर्टवेव्हच्या आखूड अँटेनाचा एसडब्ल्यूआर कुठल्याही जुळवणीशिवाय सुरेख आला तर तो दोषाचा संकेत समजावा. मीटर जुळणी मोजतो, प्रक्षेपण मोजत नाही. ही एक गोष्ट पटली की माणूस चकचकीत काड्या विकत घेणं थांबवतो आणि सँडपेपर हातात घेतो.

सँडपेपर अशासाठी की तिसऱ्या तोट्यावरच आपला खरा हात चालतो. गाडी म्हणजे धातूचा एक अखंड ठोकळा, असं आपण समजतो. तशी ती नसते. बॉनेट आणि डिकीचं झाकण वंगण घातलेल्या बिजागऱ्यांवर लोंबतं, दारांचंही तेच. सायलेन्सरचा लांब पाइप रबरी कड्यांत टांगलेला असतो आणि इंजिनाचा सगळा विद्युत कलकलाट स्वतः अँटेना होऊन पसरवतो. या प्रत्येक भागाला तांब्याच्या विणलेल्या चपट्या पट्टीने मुख्य सांगाड्याशी जोडायचं. पट्टी रुंद आणि आखूड हवी. गोल तार उच्च वारंवारतेला तितकी उपयोगी पडत नाही. जोडाच्या जागी रंग खरवडून धातू उघडा करायचा, दातेरी वॉशर घालून आवळायचं आणि वर ग्रीस लावून पाण्यापासून झाकायचं. एका सुट्टीच्या दिवसाचं हे काम आहे. बोलण्याचा सिग्नल सुधारतो, आणि ऐकण्यातला गोंगाट त्याहून जास्त कमी होतो.

उरलेल्या दोन तोट्यांवरही काही करता येतं. कॉइल बुडाशी न ठेवता काडीच्या मध्यावर नेली, तर तिच्याखालच्या भागात प्रवाह जवळपास एकसारखा जोरकस राहतो आणि किरणरोध सुमारे दुप्पट होतो. त्या बदल्यात कॉइल मोठी लागते आणि तिचा तोटाही वाढतो, म्हणून ती जाड तारेची, रुंद व्यासाची, हवेशीर असावी. कॉइलच्या वर, टोकाच्या जवळ आडव्या तारांची टोपी बसवली की कमी कॉइलमध्ये काम भागतं. काडी बंपरपाशी बसवली असेल तर निदान कॉइल तरी टपाच्या वर यायला हवी. पत्र्याला समांतर, अगदी जवळून जाणारा भाग वाया जातो. आणि शक्य असेल तिथे वरचा पट्टा निवडावा. ७ वरून १४ मेगाहर्ट्झला गेलं की त्याच काडीचा किरणरोध चौपट होतो.

अशा अँटेनाची जुळणी फार अरुंद असते. ७ मेगाहर्ट्झवर थोडेच किलोहर्ट्झ सरकलं की ती सुटते, आणि आपला पट्टा २०० किलोहर्ट्झचा आहे. प्रत्येक वेळी गाडी थांबवून काडीची लांबी बदलायची? कॅलिफोर्नियातले हॅम डॉन जॉन्सन, कॉल साइन डब्ल्यू६एएक्यू, यांनी यावर प्रसिद्ध तोड काढली. बॅटरीवर चालणाऱ्या स्क्रूड्रायव्हरची मोटर अँटेनाच्या नळीत बसवली आणि तिने कॉइल वर-खाली सरकवायची सोय केली. चालकाने आत बसून बटण दाबायचं. आजही या जातीला स्क्रूड्रायव्हर अँटेना म्हणतात. ती जड असते, महाग असते, आणि तिला पकड भक्कम लागते.

इथे सुरक्षिततेची एक गोष्ट. शंभर वॉट पंधरा ओहममध्ये गेले तर बुडाशी अडीच अँपिअरचा प्रवाह असतो, आणि आठशे ओहमच्या कॉइलवर दोन हजार व्होल्टच्या वर दाब तयार होतो. प्रक्षेपण चालू असताना कुणी हात लावला तर कातडी जळते. गाडी उभी असेल आणि आजूबाजूला मुलं असतील तर बोलू नका.

७ मेगाहर्ट्झवर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात बोलताना आणखी एक अडचण येते. दिवसा दीडशे-दोनशे किलोमीटरवर बोलायचं तर लहर जवळपास सरळ वर जाऊन आयनांबरावरून खाली यावी लागते. उभी काडी नेमकी डोक्याच्या दिशेलाच सर्वांत कमी ऊर्जा पाठवते. म्हणून हजार किलोमीटरवरचा माणूस ऐकतो आणि शेजारच्या जिल्ह्यातला नाही. जगभरची लष्करं यासाठी गाडीवरची लवचिक काडी मागे वाकवून दोरीने बांधतात. आपणही ते करू शकतो, फक्त टोक कुणाच्या डोळ्याच्या उंचीवर येऊ देऊ नये. गाडी थांबवता येत असेल तर याहून चांगला मार्ग आहे. सुमारे वीस मीटर तार, मधोमध केबल, दोन झाडांना तीन-चार मीटर उंचीवर बांधलेली. खर्च नगण्य आणि पुराच्या किंवा भूकंपाच्या ठिकाणी गाडीवरच्या कोणत्याही महागड्या काडीपेक्षा सरस. अशा तारेची गुंडाळी डिकीत कायम असावी.

रस्त्यावर वारा आणि अडथळे यांचा विचार करावाच लागतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ५० वरून १०० वर गेलं की चौपट. अडीच मीटरची काडी आणि तिच्यावरची कॉइल मिळून शंभराच्या वेगाला दोन किलोच्या वजनाएवढा जोर लावतात, तोही मीटरभर उंचीवरून, म्हणजे बुडाला जबर पीळ. द्रुतगती मार्गावर चुंबकी बूड घेऊन उंच काडी नेऊ नये. ती सुटली तर मागच्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतेल. उंच काडीला एक न ताणणारी दोरी बांधून ठेवावी. जुन्या रस्त्यांवरच्या वडांच्या खाली आलेल्या फांद्या, गल्लीत आडव्या गेलेल्या केबलच्या तारा, उत्सवाच्या कमानी, हे सगळं शहरात जागोजागी आहे. विद्युतीकरण झालेल्या रेल्वेमार्गाच्या फाटकावर तर हयगय चालतच नाही. वर २५ हजार व्होल्टची तार असते. फाटकाआधीच्या उंची दाखवणाऱ्या कमानीखाली जे मावत नाही ते उतरवूनच पुढे जायचं.

वीज थेट बॅटरीवरून घ्यावी. शंभर वॉटचा संच वीस अँपिअरच्या वर ओढतो; सिगारेट लायटरचं सॉकेट त्यासाठी बनलेलंच नाही, वायर तापून आग लागू शकते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो, तिथे संचाची ऋण वायर सेन्सरपलीकडे, बॅटरी जिथे सांगाड्याला जोडली आहे त्या बोल्टवर घ्यावी. गोंगाटाचं मूळ शोधताना सगळ्यांचा संशय इंजिनावर जातो. आधी स्वस्तातला मोबाइल चार्जर आणि डॅशकॅम काढून बघा. दोन मीटरच्या पट्ट्यावर बहुतेक वेळा गुन्हेगार तिथेच सापडतो.

आणि गाडी चालवताना माइक हातात घेऊ नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात धरायचं संपर्कसाधन वापरत गाडी चालवणं धोकादायक वाहनचालनात मोडतं. शेजारच्या सीटवरच्या माणसाने बोलावं, किंवा गाडी बाजूला घ्यावी.

परवाना घेऊन संच कपाटात ठेवलेल्या हॅम मित्रांना आणि मैत्रिणींना माझी एक विनंती आहे. सुरुवातीला शॉर्टवेव्हच्या नादी लागू नका. टपाच्या मध्यावर पाव तरंगलांबीची काडी बसवा, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत आपल्या तालुक्यातले रस्ते फिरून कुठल्या वळणावर कुठला रिपीटर उघडतो, कुठे उघडत नाही, याची वही करा. ती वही आपल्या भागातल्या इतर हॅमना आणि जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला द्या. पूर आल्यावर ती तयार करायला कुणालाच वेळ नसेल.